उत्तरेचा उच्चार

परराष्ट्र खात्यात उत्तरेची भाषा येणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते शिष्टाचार विभागात खुर्च्या मांडत होतं. कुठल्या पाहुण्याला कुणाशेजारी बसवायचं, कुणाच्या ताटात काय चालत नाही, झेंडा उलटा तर लागला नाही ना, हे बघणं तिचं काम. मूळची ती दुभाषी. पण उत्तरेच्या त्या अवाढव्य शेजाऱ्याशी बोलणंच बंद झालं, तेव्हा दुभाषीला काम कुठून मिळणार? तिकडे लष्कराने सत्ता घेतली होती, जीव मुठीत धरून निघालेली माणसं डोंगर उतरून इकडे आली होती, आणि या छोट्याशा देशाने त्यांना ठेवून घेतलं होतं. तेव्हापासून दोन्ही देशांत अबोला होता. दर वर्षी जगाच्या सभेत उत्तरेच्या निषेधाचा ठराव यायचा आणि हा देश न चुकता हात वर करायचा.

त्या वर्षी देशाने वेगळ्या अर्थाने हात वर केले. तिजोरीत परकीय चलनच उरलं नाही. पेट्रोल पंपांना दोऱ्या बांधल्या गेल्या. बसगाड्या आगारात उभ्या राहिल्या. खात्याची लिफ्ट बंद पडली आणि वरच्या मजल्यावरचे सचिव घामाघूम होऊन पोचले की आधी बराच वेळ नुसते बसून राहू लागले. रुग्णालयात नातेवाइकांना सांगायचे, सुई तुम्ही आणा, औषध तुम्ही आणा, डॉक्टर आमच्याकडे आहेत. समुद्रापलीकडच्या जुन्या मित्रदेशाच्या लढाऊ जहाजांना इथलं बंदर कायम मोकळं असायचं. त्या मित्राने सहानुभूतीचा संदेश धाडला. मागाहून तज्ज्ञांची समिती धाडली. खर्च कमी करा, असं समितीने सांगितलं. त्या समितीला विमानतळावरून आणायला पेट्रोल मिळवताना शिष्टाचार विभागाच्या तोंडाला फेस आला होता.

आणि मग उत्तरेकडून निरोप आला. तेल देतो, गहू देतो, औषधं देतो. बसून बोलू.

सचिव स्वतः दोन मजले उतरून तिच्या टेबलापाशी आले. भला माणूस. कुणाला ओरडायचं असलं तरी आधी "माफ करा हं" म्हणणारा.

"बाई, तुमची ती भाषा अजून जिवंत आहे का?"

"घरी रोज बोलते, सर," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण सचिवांनी कुणाशी ते विचारलं नाही. ते खूश झाले होते.

ती बोलायची ते काकांशी.

ती लहान असताना तिचे वडील गेले आणि आईने वरची खोली भाड्याने दिली. तिथे राहायला आलेला माणूस डोंगर उतरून आलेल्यांपैकी एक होता. तिकडे राजधानीच्या रेडिओवर तो बातम्या वाचायचा. लष्कर आलं त्या सकाळी त्याच्या हातात वाचायला एक कागद दिला गेला. त्याने तो बाजूला ठेवला आणि रस्त्यावर जे घडत होतं ते सांगायला सुरुवात केली. कुणीतरी तार कापेपर्यंत तो सांगत राहिला. इकडे आल्यावर त्याला चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम मिळालं, आणि गल्लीने त्याला बातमीकाका करून टाकलं. कारण घरातली कुठलीही गोष्ट तो बातमीसारखीच सांगायचा. "नमस्कार. ठळक बातम्या. आज सकाळी दूध उतू गेलं. घरमालकीणबाईंनी आपला काही दोष असल्याचा साफ इन्कार केला आहे." आई त्याला मास्तर म्हणायची. ती पदराआड हसायची आणि वर म्हणायची, "पुरे झालं, मास्तर."

ह्या असल्या बातम्यांतूनच मुलगी त्याची भाषा शिकली. ती शब्दांचे शेवट खाऊन टाकायची म्हणून काका तिला खारूताई म्हणायचे. "शब्दाचं शेपूट सोडू नकोस, खारूताई. आमच्या भाषेत सगळा जीव शेपटात असतो." आई आणि काका यांच्यात नेमकं काय होतं, हे इतक्या वर्षांनंतर गल्लीतलं कुणी विचारत नव्हतं. संध्याकाळी तिघं एकत्र जेवायची. आई पहिलं ताट काकांचं वाढायची.

हल्ली जेवण कमी आणि काळजी जास्त झाली होती. आईला मधुमेह होता. इन्सुलिन बाजारातून गायब झालं होतं. उरलेली बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवलेली असे, कारण फ्रिज दिवसातून जेमतेम घटकाभर चालायचा. आई डोस अर्धा करून घेत होती आणि आपण पूर्ण घेतो असं सांगत होती. हे काकांना ठाऊक होतं, मुलीलाही ठाऊक होतं, आणि तिघंही त्याबद्दल बोलत नव्हती.

बैठकीच्या दालनापुरता जनरेटर चालू केला होता. उत्तरेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख त्यांचे उपमंत्री होते. अंगाने बारीक, वयाने बरेच मोठे, आणि एवढ्या उकाड्यात गळ्याशी मफलर. मंत्र्यांनी स्वागताचं भाषण केलं आणि तिने पहिलं वाक्य उत्तरेच्या भाषेत म्हटलं.

उपमंत्री कागद चाळत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली. त्यांच्या बाजूची आणखी दोनतीन पिकल्या केसांची माणसं होती, त्यांनीही मान वर केली. एकाने तर वळून दाराकडे पाहिलं, जणू कुणी आत आलंय. तरुण अधिकारी मात्र पेनं काढून लिहायच्या तयारीत बसले होते. त्यांना काहीच जाणवलं नाही.

मधल्या सुट्टीत उपमंत्री कप हातात घेऊन तिच्यापाशी आले.

"तुमचा उच्चार जुना आहे. आमच्याकडे आता शेवटचा स्वर इतका जपून कुणी बोलत नाही."

"रेकॉर्डिंग ऐकून शिकले, महोदय."

"रेकॉर्डिंग चुका सुधारत नाही," ते हसून म्हणाले. "तुमच्या चुका कुणीतरी सुधारल्यात. फार मायेने." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी कॉलेजात होतो. सकाळच्या बातम्या लागल्याशिवाय आमच्या घरात कुणी बाहेर पडायचं नाही." आणि कप ठेवून निघून गेले.

घरी तिने काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं घडलंय तरी काय, असं ती मनाला समजावत राहिली. एका म्हाताऱ्याला आपलं तरुणपण आठवलं, एवढंच.

पुढचे दिवस तेलाच्या जहाजांत, गव्हाच्या पोत्यांत, परतफेडीच्या मुदतीत गेले. उत्तरेच्या अटी एकेक करून टेबलावर आल्या. बंदर यापुढे उत्तरेच्या जहाजांना मोकळं राहील. समुद्रापलीकडच्या मित्राशी झालेला करार संपला की पुन्हा होणार नाही. निषेधाच्या ठरावावर हा देश तटस्थ राहील. प्रत्येक अटीला मंत्री आधी लालबुंद व्हायचे, मग खिडकीतून खाली रुग्णालयाबाहेरच्या रांगेकडे बघायचे, मग हो म्हणायचे.

शेवटची अट कागदावर नव्हती. उपमंत्र्यांनी ती चष्मा पुसता पुसता सांगितली.

"आणि एकमेकांकडे राहून गेलेली माणसं दोघांनीही घरी पोचवावीत."

तिने ते मंत्र्यांना सांगितलं.

"घरी पोचवावीत म्हणजे?" मंत्र्यांनी विचारलं.

तिने विचारलं. शब्द स्वच्छ निघाले.

"घरी म्हणजे घरी," उपमंत्री म्हणाले. ते मंत्र्यांकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

मंत्री उठून खिडकीपाशी गेले. "तत्त्वतः मान्य आहे, असं सांगा."

आणि तिने सांगितलं. काकांच्या भाषेत, काकांच्याच लयीत, शेवटचा स्वर न सोडता. समोरच्या पिकल्या केसांच्या माणसांनी खाली पाहिलं.

जिन्यात तिने सचिवांना गाठलं. "सर, त्या माणसांत आमच्या घरातलं एक आहे."

सचिव पायरीवरच बसले. "माझ्या सुनेचे दिवस भरलेत, बाई. प्रसूतिगृहात उजेड नाही. काल एका बाईचं मोबाइलच्या प्रकाशात..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "त्यांच्याकडे सगळ्यांची माहिती आधीपासूनच असणार. तुमच्यामुळे काही झालेलं नाही."

"मी तसं म्हटलंच नाही, सर," ती म्हणाली.

सचिव कठडा धरून उठले. तिने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. ते त्यांना कुणी दिलं, की त्यांनी आपलं आपणच जुळवलं, हे तिला पुढे कधीच कळलं नाही.

ती तशीच चालत जुन्या मित्रदेशाच्या वकिलातीत गेली. तिथल्या सल्लागारबाईंना तिने किती मेजवान्यांत मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं. बाई खोकी बांधत होत्या. भिंतीवरची चित्रं उतरवलेली होती आणि त्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते.

"एका माणसाला ठेवून घ्या," ती म्हणाली. "म्हातारा आहे. खोलीभर जागा पुरेल."

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. "बंदर तुम्ही त्यांना देताय, आणि माणूस आम्हाला?" त्या चिडून नाही, थकून बोलल्या. "आणि खरं सांगू का? हिवाळ्यात आमची घरं त्यांच्याच गॅसवर गरम होतात. आमची त्यांच्याशी बोलणी पुढच्या महिन्यात आहेत. तुम्ही आधी गेलात एवढंच."

संध्याकाळी तिने काकांना सगळं सांगितलं. ते खिडकीत बसून कुणाच्या तरी चष्म्याची काच फडक्याने पुसत होते. त्यांनी तिला मधे एकदाही तोडलं नाही.

"कोणतं क्रियापद वापरलं त्यांनी?" सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं. "पोचवणं, की परत करणं?"

तिने तो शब्द म्हटला.

"हं. तो बाजारात चुकलेल्या पोरांसाठी वापरतात. रडणाऱ्या पोराला घरी नेऊन सोडतात ना, तसं." त्यांनी काच उजेडाला धरली. "भाषांतर बरोबर केलंस."

"काका, माझ्या बोलण्यावरून ओळखलं त्यांनी."

काकांनी फडकं खाली ठेवलं. मग ते हसले. "म्हणजे शेपूट सोडलं नाहीस तू. मला वाटायचं, ऑफिसात खातेस की काय."

"कुठेतरी जा. मी काहीतरी करते."

"कुठे जाऊ? एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला समुद्र." त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवली. तिथे आई भांडी लावत होती, नेहमीपेक्षा हळू, कान इकडे देऊन. "हिचं औषध कधी येणार?"

"करार झाला की पहिल्या जहाजात."

"मग झालं तर," काका म्हणाले.

करारावर सह्या झाल्या तेव्हा ती दालनात होती. त्यामुळे गल्लीत काय झालं ते तिला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी सांगितलं. आईने त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

कित्येक आठवड्यांत गल्लीत इंजिनाचा आवाज झाला नव्हता. त्या दुपारी मोटार आली तेव्हा लोक आनंदाने खिडक्यांत धावले. पेट्रोल आलं, पेट्रोल आलं, असं कुणीतरी ओरडलंही. पोरं मोटारीमागे पळत होती. मोटार घरासमोर थांबली. दोन माणसं उतरली, अगदी अदबीने बोलणारी. काका आधीच खाली येऊन उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. आईने त्यांच्या हातात दुसरा चष्मा दिला, जवळचं वाचायचा.

"येतो," काका म्हणाले.

"या," आई म्हणाली.

"एवढंच गं बाई," शिंपीणकाकू म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "भाजी आणायला निघावं तसे गेले."

जहाज आलं. दिवे आले. लिफ्ट चालू झाली. सचिवांच्या सुनेला भरपूर उजेडात मुलगी झाली आणि त्यांनी खात्यात सगळ्यांपुढे पेढ्यांचा पुडा फिरवला. तिनेही एक उचलला, रुमालात बांधला आणि तसाच टाकून दिला. औषधांच्या खोक्यांवर उत्तरेची लिपी होती. सूचना आईला वाचून दाखवायला तीच होती. आईने बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिली. मग पोटावरचं लुगडं सरकवून म्हणाली, "टोच." यावेळी डोस पूर्ण होता.

जगाच्या सभेत ठराव आला तेव्हा या देशाचे राजदूत महत्त्वाच्या फोनसाठी सभागृहाबाहेर गेले होते. वर्तमानपत्रांनी ती बातमी आतल्या पानावर छापली. ज्याने ती मोठ्याने वाचली असती, तो माणूस घरात नव्हता.

तिची खुर्च्या मांडण्यातून सुटका झाली. बोलणीला उत्तरेचे लोक तीच दुभाषी मागत होते. बंदराच्या कामासाठी मंत्री त्यांच्या राजधानीत गेले तेव्हा तीही गेली. काकांच्या तोंडून ऐकलेली ती राजधानी. रस्ते रुंद, स्वच्छ, आणि माणसं हळू आवाजात बोलणारी. जिथे ती तोंड उघडेल तिथे कुणीतरी वयस्क चमकून वळायचं, तिच्या मागे, तिच्या बाजूला बघायचं, आणि घाईने नजर काढून घ्यायचं. जणू ती एकटी आलीच नव्हती.

अतिथीगृहात तिने आणखी एक पांघरूण मागितलं. खोल्या आवरणारी बाई ते घेऊन आली, साठीची असेल. "ठेवा इथे, उपकार झाले," ती म्हणाली. बाई पांघरूण छातीशी धरून तशीच उभी राहिली.

"पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"काहीही." बाईने दार लोटून घेतलं. "हवामान सांगा."

तिने छताकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. कुणी ऐकत असेल तर ऐकू दे, असं तिला एकाएकी वाटलं. हवामानात गुन्हा कसला? ती सरळ उभी राहिली आणि तिने सांगितलं, लहानपणी खेळात सांगायची तसं. "उत्तरेच्या डोंगरांत हलका बर्फ पडेल. नदीच्या खोऱ्यात सकाळी धुकं. राजधानीत आकाश निरभ्र राहील."

बाईने पांघरुणाचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं.

"त्या दिवशी हवामान राहिलं होतं," बाई म्हणाली. "तार तुटली आणि नुसती खरखर. आम्ही रेडिओ बंद केला नाही. मला वाटलं, हवामान तरी सांगतील." तिने डोळे पुसले, पांघरूण पलंगावर नीट पसरलं, कोपरे ओढले आणि गेली.

दुसऱ्या दिवशी बैठकीकडे जाताना तिने लांबलचक व्हरांड्यात उपमंत्र्यांना गाठलं आणि सरळच विचारलं. ते रागावले नाहीत. उलट, ती कधी विचारते याची वाट बघत असावेत.

"ठीक आहेत. शहराबाहेर घर दिलंय, बाग आहे. आम्ही फार काही मागितलं नाही. रेडिओवर चार वाक्यं बोला म्हटलं, की मी खुशीने परत आलो. बोलत नाहीत. कुणाशीच नाहीत. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे."

"मला भेटता येईल?"

"जरूर," उपमंत्री म्हणाले. "तुम्ही समोर आलात तर बोलतील, असं आमच्या लोकांनाही वाटतं."

ती चालता चालता थांबली. त्या घरातली खोली तिच्या डोळ्यांसमोर आली. टेबल, दोन खुर्च्या, कुठेतरी लपवलेला मायक्रोफोन. आणि काका, जे तिला बघून न राहवून म्हणतील, खारूताई. मग ते तो आवाज कापतील, जोडतील, हवा तसा वाजवतील. किंवा आईच्या औषधाचं नाव काढतील आणि काकांना चार वाक्यं बोलायला लावतील.

"नको," ती म्हणाली. "बैठकीला उशीर होतोय, महोदय."

त्या दौऱ्यात तिने परत विचारलं नाही. विमानात बसल्यावर मात्र ती हमसून हमसून रडली. शेजारी बसलेले मंत्री वर्तमानपत्र आणखी उंच धरून वाचत राहिले.

घरी आल्यावर आईने एकच विचारलं. "दिसले?"

"नाही. पण आहेत. घर आहे, बाग आहे."

"बागेचं त्यांना काय कळतंय," आई म्हणाली आणि आत गेली.

तिने सचिवांकडे बदली मागितली. माफ करा हं, म्हणत त्यांनी नाही सांगितलं. ती गेली तर बोलणी अडतील, बोलणी अडली तर जहाज अडेल. जहाजात काय येतं ते तिला त्यांनी सांगायची गरज नव्हती. ती राहिली.

त्यानंतर एका रविवारी मंत्र्यांचं मोठं भाषण तिला भाषांतर करून पाठ करायचं होतं. दोन राष्ट्रांची अतूट मैत्री वगैरे. ती वरच्या रिकाम्या खोलीत गेली, दार लोटलं आणि मोठ्याने वाचू लागली, फेऱ्या घालत. वाक्यं खोटी होती पण सूर लागला होता. दुसरं पान संपता संपता खालून आईची हाक आली, सहज, कामाच्या नादात.

"मास्तर, चहा टाकू का?"

ती जागच्या जागी थिजली. खालीही सगळं थांबलं. वाहत्या नळाखाली भांडं धरलेलं असावं, कारण पाणी भरून वाहिल्याचा आवाज येत राहिला. मग नळ बंद झाला. ती खाली गेली नाही. आईही वर आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने भाषणं ऑफिसात पाठ करायला सुरुवात केली. खिडक्या लावून, हळू आवाजात. दोनतीन दिवस असेच गेले. संध्याकाळी जेवताना आई ताटात बघत म्हणाली, "हल्ली वाचत नाहीस वाटतं."

"ऑफिसात वाचते."

आईने घास मोडला, थोडा वेळ हातातच धरला.

"घरी वाचत जा," ती म्हणाली. "दार उघडं ठेवून."